खुराड्याची नोंद का हवी?

ताप आणि दम घेऊन आलेल्या रुग्णाला आम्ही विचारतो, ‘घरी कोंबड्या आहेत का? त्यांपैकी काही मेल्या का?’ पुष्कळदा उत्तर ‘नाही’ येते, आणि सोबतचे मूल म्हणते, ‘आहेत ना!’ हे लपवण्यामागे भीती असते ती आजाराची नव्हे, कारवाईची.

ही भीती महाग पडू शकते. देशात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ साली आपल्याच राज्यात, नवापूरला आढळली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. माणसाला लागण क्वचितच होते. पण झाली तर जीवघेणी ठरू शकते. २०२१ मध्ये दिल्लीत एका अकरा वर्षांच्या मुलाचा त्याने मृत्यू झाला.

परसातल्या कोंबड्यांनी माना टाकल्या की आपण ‘मानमोडी आली’ म्हणतो. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या नजरेने ओळखता येत नाहीत. नमुना तपासावाच लागतो. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार संसर्गजन्य रोगाची शंका आल्यास कळवणे मालकाचे कर्तव्य आहे. शिवाय साथीत भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवणाऱ्याचाच तोटा.

प्रदूषण नियंत्रणाचे नियम हजारो पक्ष्यांच्या फार्मसाठी आहेत. पाच-दहा कोंबड्यांचा प्रश्न स्थानिक संस्थेनेच सोडवायचा. कामठीत नगर परिषद आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड असे दोन कारभार आहेत. विषाणू त्यांची हद्द पाळत नाही. दोघांनी मिळून एकच, विनाशुल्क नोंदवही ठेवावी. घराचा पत्ता, पक्ष्यांची संख्या, फोन नंबर एवढे पुरे. नोंद करणाऱ्याला पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानमोडीची लस मिळावी. दंडाच्या धाकाने खुराडी बंद होत नाहीत, फक्त आड जातात.

अटी मोजक्याच असाव्यात. खुराडे झोपण्याच्या खोलीपासून दूर हवे आणि विष्ठा नालीत जाऊ नये. बाजारातून आणलेला पक्षी काही दिवस वेगळा ठेवावा. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नये, ती कन्हान नदीत फेकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. नीट शिजवलेली अंडी आणि चिकन खायला हरकत नाही.

अंगणातली कोंबडी गरिबाच्या घरचे अंडे आहे. ते हिरावून न घेता सुरक्षित करायचे, तर खुराडे आधी कागदावर यायला हवे.