सोय कोणाची, हक्क कोणाचा?

1994 च्या फेब्रुवारीत शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील काही मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. मासिक पाळीत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, असे कारण सांगण्यात आले. स्त्री-संघटनांनी देशभर आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. परंतु ज्या विचारातून त्या सुरू झाल्या, तो विचार अजून मेलेला नाही.

तो विचार सोयीचा आहे. ज्याला हिशेब जमत नाही, नीट बोलता येत नाही, त्याच्या देहाचा आणि आयुष्याचा निर्णय इतरांनी आपल्या सोयीने घ्यावा, हे समाजाने गृहीतच धरले आहे. मुबलक पाणी, पुरेशा मदतनीस आणि धीराने दिलेले शिक्षण हा शिरूरच्या प्रश्नाचा खरा उपाय होता. त्यासाठी खर्च लागतो, माणसे लागतात. त्यापेक्षा अवयव काढणे स्वस्त ठरले. दुर्बलांच्या बाबतीत काटकसर कुठून सुरू होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कायदा मात्र पुढे सरकला आहे. 2007 साली भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने, शासकीय संस्थेत राहणाऱ्या एका मतिमंद स्त्रीचा गर्भपात तिच्या इच्छेविरुद्ध करण्यास नकार दिला. 2016 च्या कायद्याने तर संमतीवाचून वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया निषिद्ध ठरवली. कायद्यापुढे अपंग व्यक्ती इतरांच्या बरोबरीची आहे, हेही मान्य केले. शिरूरच्या स्त्रियांना हा न्याय बावीस वर्षे उशिरा मिळाला, असे म्हणावे लागेल.

परंतु कागदावरचा हक्क भाकरीत उतरत नाही, तोवर तो अपुराच राहतो. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी 3 टक्के जागा राखल्या. त्यात बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वाटाच नव्हता. 2016 मध्ये जागा 4 टक्के झाल्या, तेव्हा इतर काही गटांबरोबर एका टक्क्यात त्यांची भागीदारी आली. 2011 च्या जनगणनेने देशात अशा सुमारे 15 लाख व्यक्ती मोजल्या. त्यांतील कितीजण कार्यशाळांत मेणबत्त्या ओततात, कागदी पिशव्या चिकटवतात. पण त्यांच्या कामाला श्रम न म्हणता ‘विरंगुळा’ म्हटले जाते आणि मोबदल्याला वेतन न म्हणता ‘मानधन’. श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीने हा शब्दांचा खेळ निमूटपणे मान्य करावा काय?

या प्रश्नाला वर्गाचीही बाजू आहे. संपन्न घर पगारी सोबत ठेवू शकते. मजुराच्या घरात मात्र आईच आपली रोजंदारी सोडून मुलापाशी बसते. तिचे श्रम कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. 2012 साली केंद्राने तीव्र अपंगत्व असलेल्या गरिबांसाठी जे निवृत्तिवेतन ठरवले, ते महिन्याला 300 रुपयांचे होते. ‘आमच्या मागे याचे कसे होणार?’ हा प्रश्न घेऊन आईबाप म्हातारे होतात. त्यांनी मुलासाठी घेतलेले निर्णय प्रेमापोटीच असतात, यात शंका नाही. पण या प्रश्नाचे उत्तर एका कुटुंबाच्या प्रेमावर सोपवून शासनाला मोकळे होता येणार नाही. वस्तीतच राहता येईल अशी छोटी निवासगृहे, प्रशिक्षित व पुरेशा वेतनाचे सेवक आणि आधार घेऊन स्वतः निर्णय करण्याची मुभा ही सार्वजनिक जबाबदारी आहे.

कार्यकर्त्यांना यात हाती घेण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्याचा हिशेब ग्रामसभेत व नगरपालिकेत मागावा. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालणाऱ्या कुटुंबांबरोबर जावे. कार्यशाळांतील कामगारांच्या वेतनाचा प्रश्न कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घ्यावा. आणि सभेत अशा व्यक्तीविषयी बोलताना तिलाही बोलू द्यावे; ती अडखळली तर थांबावे.

ज्याचे उत्पादन कमी, त्याचे माणूसपणही कमी, हे बाजाराचे गणित आहे. समाजवादाने ते कधीच मान्य केलेले नाही. ते अमान्य असल्याचे कृतीने सिद्ध करण्याची जागा हीच आहे.