ग्रे विकताना शेड कार्डवर विसंबू नका

पेंटचं दुकान टाकायचा किंवा इंटिरिअरची छोटी कामं घ्यायचा विचार करत असाल, तर आज एकाच रंगाबद्दल बोलू. हलका, मऊ ग्रे. गिऱ्हाईक म्हणतं, "साधा ग्रे द्या, त्यात काय एवढं!" माझं मत उलटं आहे. सगळ्यात जास्त फसगत ह्या साध्या ग्रेमध्येच होते. आणि चूक गिऱ्हाइकाची नसते, दुकानदाराची असते.

बीबीएत हे कुणी शिकवलं नाही. दुकानाच्या पहिल्या वर्षी एक ताई नव्या फ्लॅटसाठी आल्या. त्यांनी शेड कार्डवर बोट ठेवलं, मी मशीनवर शेड काढली, दहा लिटरची बादली रिक्षात ठेवून दिली. बिल पाच हजारांच्या आसपास. तिसऱ्या दिवशी ताई आणि त्यांचा पेंटर दोघंही दारात. "दादा, हॉल जांभळट दिसतोय." मी कार्ड दाखवलं, मग बिलावरची ओळ दाखवली : टिंट केलेला माल परत घेतला जाणार नाही. वाद मी जिंकलो. पुढे त्याच बिल्डिंगमधली आणखी तीन घरं रंगली, एकही बादली माझ्याकडून गेली नाही.

मग मी त्या घराचा विचार करत बसलो. फरशी क्रीम रंगाची व्हिट्रिफाइड, छताला 6500 केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र ट्यूब. बघा, पांढऱ्या बेसमध्ये नुसता काळा कलरंट पडला की ग्रे निळसर होतो. त्याला मऊ करायला पिवळा किंवा लाल ऑक्साइड थोडा घालावा लागतो. त्यात शेजारी पिवळसर फरशी असेल, तर डोळ्याला तोच ग्रे निळा-जांभळा वाटतो. हे काही नवीन नाही. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगात सापडला. त्यावरचं त्याचं पुस्तक 1839 चं आहे! आणि आपण अजून दोन इंचांच्या कागदावर भिंत विकतोय.

म्हणून माझ्या काउंटरवर आता शेडच्या आधी प्रश्न असतात. फरशी कुठली? खिडकी कुठल्या दिशेला? ट्यूब पांढरी की पिवळसर? उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही, तिथला उजेड मुळातच निळसर. तिथे किंचित मातकट झाक असलेला ग्रे द्या. क्रीम फरशीलाही तोच चालतो. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर पिवळं ऊन येतं, तिथे थोडा थंड ग्रे खपून जातो. कार्डवर एलआरव्ही आकडा असेल तर तोही वाचा. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. अंधाऱ्या वन बीएचकेला मी साठच्या खालचा ग्रे सहसा देत नाही. फिनिशचं थोडक्यात सांगतो : पुट्टीचं काम वरखाली असेल तर मॅट द्या, चकाकी सगळं उघडं पाडते.

आणि बादली लगेच विकायची नाही. आधी छोटा सॅम्पल डबा द्यायचा, त्याचे पैसे घ्यायचे, मोठ्या बिलातून वजा करायचे. फुकट दिला तर तो डबा माळ्यावर जातो, हा माझा अनुभव. दोन बाय दोन फुटांचा तुकडा, दोन हात, खिडकीजवळ एक आणि आतल्या कोपऱ्यात एक. पूर्ण वाळू द्या, ओला रंग खरा नसतो. मग सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूब लावून बघायला सांगा.

माझे काही दुकानदार मित्र म्हणतात, "एवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." काही जातात, खोटं कशाला बोलू. घाईतलं गिऱ्हाईक मी महिन्याला दोन-चार तरी गमावतो. पण टिंट झालेली बादली दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, आणि जांभळा हॉल रोज पाहुण्यांना दिसतो.

त्या ताई परत आल्या नाहीत. त्यांचा पेंटर मात्र दोन वर्षांनी आला. काउंटरवर मी क्रीम फरशीचा तुकडा आणि दोन प्रकारचे बल्ब ठेवलेत, ते बघून म्हणाला, "हे तेव्हाच ठेवायचं होतं ना, शेठ."