आखाडाआधी नर वेगळे काढा

ज्येष्ठ सरत आला की नांदेड-लातूरच्या आठवडी बाजारांत गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक वाढतं. आखाडात पाहुणे येतात, मरीआई-म्हसोबाचे नवस फिटतात. श्रावण लागला की मागणी बसते. तरीही कित्येक घरांत जास्तीच्या नरांचं काय करायचं, हे श्रावण तोंडावर येईपर्यंत ठरत नाही. मग व्यापारी म्हणेल तो भाव.

पिलांत निम्मे नर निघणारच. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत 100 एकदिवसीय मिश्र पिलं घेतली तर पन्नासेक कोंबडे होतात. तलंगांच्या गटात मात्र 25 माद्यांमागे 3 नर देतात. परसातही तेच प्रमाण पाळावं. जास्त नरांची झळ कोंबडीच्या पाठीवर दिसते: पिसं मुळापासून मोडलेली, गुलाबी कातडी उघडी, नराच्या नख्यांचे ताजे ओरखडे. अशी कोंबडी उकिरड्यावर चरायला जात नाही, खुराड्याच्या कोपऱ्यात दबून बसते. अंडी घटली म्हणून औषध शोधणाऱ्यांनी आधी तिला उचलून पाठ बघावी.

दहा-बारा आठवड्यांत नराचा तुरा लाल होतो, शेपटीची पिसं वाकू लागतात. तेव्हाच निवड करावी. ठेवायचा नर शक्यतो दुसऱ्या गावचा असावा, आपल्याच तलंगांचा भाऊ नको. मावशीकडचा आपल्याकडे, आपला तिच्याकडे, इतकं सोपं आहे हे.

नराशिवाय कोंबडी अंडी देत नाही, हा समज सोडायला हवा. अंडी येतात, पिलं तेवढी निघत नाहीत. उलट पारा 42 अंशांवर जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात फलित अंड्यातला जीव टोपलीतच वाढू लागतो, मरतो आणि अंडं नासतं. उन्हाळ्यात पिलं काढायची नसतील तर मार्चमध्येच नर बाजूला करावेत, कारण नर काढल्यावरही दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात.

झुंजीसाठी कोंबडा मागणाऱ्याला, दुप्पट पैसे दिले तरी, देऊ नये. प्राण्यांच्या झुंजी लावणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पोसलेल्या जिवाचे असे हाल मला मान्य नाहीत. खाण्यासाठी विकणं वेगळं.

राहिला पैसा. दाणापाणी बाई करते, मांजर-मुंगसापासून पिलं तीच राखते, आणि विक्रीच्या दिवशी नोटा दुसऱ्याच खिशात जातात. कोणता नर ठेवायचा, कोणता कधी विकायचा, हे तिनेच ठरवावं. गल्लीतल्या चौघींनी मिळून व्यापाऱ्याला दारात बोलवावं, नगावर न देता वजनावर द्यावं आणि पैसे आपल्या हाताने मोजून घ्यावेत.