तिकिटं दोन काढा!

मैत्रिणींनो, सिनेमाचं वेड मला माहेरापासूनचं. लग्नानंतर मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणता म्हणता वर्षं सरली. २०२१ साली हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ लागला, तेव्हा शेजारणींबरोबर गेले. घरदार मागे ठेवून इंग्लंडच्या सहलीला निघालेल्या त्या सातजणी पाहताना हसता हसता डोळे कधी भरून आले, कळलंच नाही!

मग २०२३ मध्ये आला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांची कामं झकास. पण मला आठवत राहिली माझी धाकटी बहीण. आईच्या पाटल्यांवरून चार वर्षं आमचा अबोला! मध्यंतरातच फोन लावला. ती म्हणाली, “ताई, कालच बघितला गं. तुला फोन करायचा धीर होईना.”

दुसऱ्यांदा तो आम्ही शेजारी बसून पाहिला.

तेव्हा पुढचा चांगला सिनेमा लागला, की सकाळीच पोळ्या डब्यात भरा, आमटी झाकून ठेवा आणि तिकिटं दोन काढा. दुसरं कुणासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहेच!