प्रत्यारोपणानंतरचा फ्लू आणि आपली मोजदाद

भारतात 2013 मध्ये वर्षभरात पाच हजारांहून कमी अवयव प्रत्यारोपणे झाली होती. 2023 मध्ये हा आकडा 18 हजारांच्या पुढे गेला. त्याचा गौरव व्हायलाच हवा. परंतु आपण मोजतो ती शस्त्रक्रिया. पुढची वर्षे रुग्ण कसा जगला, हे सार्वजनिक चर्चेत क्वचितच येते. आणि त्याच वर्षांत साधा वाटणारा फ्लू त्याच्या जिवावर बेतू शकतो.

शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे सहसा जन्मभर घ्यावी लागतात. ती टी-पेशींना आवर घालतात. विषाणूग्रस्त पेशी हुडकून नष्ट करण्याचे कामही याच पेशींचे. त्यामुळे अशा रुग्णाला ताप येईलच असे नाही, संसर्ग मात्र फुप्फुसांत उतरण्याचा धोका अधिक, आणि विषाणू कित्येक आठवडे शरीरात टिकू शकतो. ‘दोन दिवस वाट पाहू’ हा आपला घरगुती सल्ला इथे घातक आहे. पहिल्या लक्षणालाच चाचणी हवी, आणि फ्लूची शंका असल्यास अहवालासाठी न थांबता ऑसेल्टामिविर.

औषधांतही खाच आहे. कोविडवरील निर्माट्रेलविरसोबत दिले जाणारे रिटोनाविर ज्या एन्झाइमला रोखते, तेच टॅक्रोलिमसचे विघटन करते. मात्रा न बदलता दोन्ही दिल्यास टॅक्रोलिमसची पातळी विषारी होते आणि जे मूत्रपिंड वाचवायचे तेच दुखावते. क्लॅरिथ्रोमायसिनही असेच वागते. खोकला दिसताच अँटिबायोटिक लिहिणाऱ्या आपल्या देशात हे विसरून चालणार नाही. (विषाणूवर त्याचा उपयोग नसतो, ही गोष्ट वेगळीच.)

माझा खरा आक्षेप लसीबाबत आहे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णाच्या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांसाठी दरमहा 10,000 रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. ती योग्यच, पण त्या औषधांनी उघड्या पडलेल्या देहाला लागणारी फ्लूची लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. शिवाय पाश्चात्त्य वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू होत नाही. देशाच्या बहुतेक भागांत फ्लू पावसाळ्यात उसळतो, तर काश्मीरमध्ये हिवाळ्यात. म्हणजे बहुतेक भागांत लस जूनपूर्वी, श्रीनगरात ऑक्टोबरच्या सुमारास. लस निष्क्रिय विषाणूची हवी, नाकात फवारण्याची जिवंत विषाणूची नव्हे, आणि घरातील माणसांनाही ती मिळावी. प्रत्यारोपणानंतर लसीला मिळणारा प्रतिसाद दुबळा असतो. म्हणून प्रतीक्षायादीत नाव घालतानाच ती मोफत टोचण्याची सक्ती केंद्राने प्रत्येक मान्यताप्राप्त प्रत्यारोपण केंद्रावर करावी.