दहा सेंटांची मजुरी आणि ‘लोकशाहीकरणा’चा डांगोरा

छायाचित्रणाचे लोकशाहीकरण झाले, असा डांगोरा गेली वीस वर्षे पिटला जात आहे. नांदेडच्या किंवा निजामाबादच्या एखाद्या तरुणाने काढलेले छायाचित्र न्यूयॉर्कमधील जाहिरातदार घरबसल्या विकत घेतो. मध्ये ना संपादकाची मेहेरबानी, ना बड्या स्टुडिओचा उंबरठा. एकदा चित्र इंटरनेटवर चढवले की ते झोपेतही पैसे मिळवून देते, असे सांगितले जाते. पुरोगामी म्हणवणाऱ्या काही वर्तुळांतही हा युक्तिवाद भक्तिभावाने उगाळला जातो आणि अखेरीस ‘थोडे का होईना, मिळतात ना?’ या प्रश्नावर येऊन थांबतो. किती मिळतात, कोणाला मिळतात आणि दर कोण ठरवतो, हे मात्र विचारले जात नाही.

या व्यापाराचा जन्मच बोलका आहे. कॅनडातील कॅलगरी येथे 2000 साली आयस्टॉकफोटो हे संकेतस्थळ सुरू झाले, ते हौशी मंडळींनी आपापली चित्रे एकमेकांना देण्याघेण्यासाठी. लवकरच त्यावर किरकोळ किमतीला विक्री सुरू झाली. फेब्रुवारी 2006 मध्ये गेटी इमेजेस या कंपनीने ते 5 कोटी डॉलरला विकत घेतले. या कंपनीचा एक संस्थापक मार्क गेटी हा अमेरिकन तेलसम्राट जे. पॉल गेटी याचा नातू. ज्यांच्या चित्रांमुळे त्या संकेतस्थळाला पाच कोटींचे मोल आले, ते हजारो छायाचित्रकार त्या व्यवहारात पक्षकार नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकाने अशा पद्धतीला ‘क्राउडसोर्सिंग’ असे गोंडस नाव दिले आणि आयस्टॉकफोटोचेच उदाहरण पुढे केले. एप्रिल 2009 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नाण्यांनी भरलेल्या बरणीचे चित्र झळकले. विषय होता जागतिक मंदीतील नवी काटकसर. त्या चित्रापोटी छायाचित्रकाराच्या हाती पडले 30 डॉलर. काटकसर कोणाच्या जिवावर होते, हे त्या साप्ताहिकाने इतक्या प्रांजळपणे क्वचितच सांगितले असेल.

2003 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या शटरस्टॉकने वर्गणीची पद्धत रूढ केली. गिऱ्हाइकाने महिन्याची ठराविक रक्कम भरावी आणि ठरलेल्या संख्येपर्यंत चित्रे उतरवून घ्यावीत. गिऱ्हाइकाने वर्गणी भरली पण चित्रे कमी घेतली, तर न घेतलेल्या चित्रांचे पैसे कंपनीच्या तिजोरीत राहतात. छायाचित्रकाराला पैसे मिळतात ते केवळ प्रत्यक्ष डाउनलोडचे. वर्गणीतील प्रत्येक डाउनलोडला पूर्वी 25 ते 38 सेंट मिळत आणि जुन्या माणसाला त्याच्या एकूण कमाईच्या प्रमाणात वरचा दर मिळे. 1 जून 2020 पासून, म्हणजे महामारीने जगभरचे स्टुडिओ बंद पडले असताना, कंपनीने ही पद्धत मोडून 15 ते 40 टक्क्यांच्या सहा पायऱ्या आणल्या, किमान रक्कम 10 सेंटांवर आणली आणि दर 1 जानेवारीला प्रत्येकाला पुन्हा तळच्या पायरीवर उभे करण्याचा नियम केला. गिरणीतल्या कामगाराची सेवाज्येष्ठता दरवर्षी एक जानेवारीला शून्य करण्याचे धाडस मुंबईच्या गिरणीमालकांनाही झाले नव्हते. त्या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा मात्र आदल्या वर्षीच्या सुमारे 2 कोटी डॉलरवरून 7 कोटींच्या वर गेला.

दहा सेंट म्हणजे साडेआठ-नऊ रुपये. पन्नास हजारांचा साधा कॅमेरा घेतला, तर या दराने केवळ त्याची किंमत भरून यायला साडेपाच-सहा हजार डाउनलोड लागतात. यात भिंग, संगणक, वीज, प्रवास, किंवा पहाटे चारला ससून गोदीवर पोहोचण्याचे कष्ट धरलेले नाहीत. शिवाय प्रत्येक चित्राला पन्नासपर्यंत शोधशब्द, तेही बहुधा इंग्रजीत, जोडायचे ते छायाचित्रकारानेच, आणि फुकट. चित्र परत आले तर ही सारी मेहनत वाया. अमेरिकन गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीवर तेथील कर आधीच कापला जातो. भारताशी झालेल्या करारानुसार तो 15 टक्के आहे. अडोबी स्टॉकवर किमान 25 डॉलर साचेपर्यंत पैसे उचलताही येत नाहीत. एका वर्षात एवढे न साचणाऱ्यांची रक्कम कंपनीकडे बिनव्याजी पडून राहते.

सोलापूरची विडी कामगार स्त्री आणि हा छायाचित्रकार यांच्यात फरक कोणता? दोघेही घरी बसून नगावर काम करतात. दोघांच्याही मालाची निवड मालकाच्या मर्जीने होते. खराब ठरवलेल्या विडीचे दाम मिळत नाही, नाकारलेल्या चित्राचेही नाही. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात नगावारी मजुरीचे जे विवेचन केले आहे, ते येथे जसेच्या तसे लागू पडते: या पद्धतीत मुकादमाची गरज उरत नाही, कारण कामगार स्वतःच स्वतःवर देखरेख करतो आणि जास्त नग काढण्याच्या ओढीने स्वतःचाच दर खाली आणतो. फरक असेल तर एवढाच की, विडी कामगाराला तेंदूपान आणि तंबाखू ठेकेदार देतो. छायाचित्रकाराला कच्चा माल, हत्यारे आणि कारखाना, तिन्ही स्वतःच्या पैशाने उभे करावे लागतात. आणि तरीही त्याला ‘भागीदार’ म्हणतात!

काहींना चांगले पैसे मिळतात हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. डेन्मार्कच्या युरी आर्कर्सचे नाव या धंद्यात नेहमी घेतले जाते. पण त्याच्या यशाचे स्वरूप काय? केपटाऊनमध्ये पगारी माणसांचा मोठा स्टुडिओ, घाऊक उत्पादन, नेमलेले मॉडेल. म्हणजे जो यशस्वी झाला तो छायाचित्रकार म्हणून नव्हे, कारखानदार म्हणून झाला. एकट्या माणसाने जोडधंदा म्हणून चित्रे चढवली तर चहापाण्याचा खर्च निघेल, मजुरी निघणार नाही. आणि पोट या धंद्यावर अवलंबून असलेल्या माणसाला तर हा व्यवहार तोट्याचाच आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

येथे दोन चुकीच्या उत्तरांशी झगडावे लागते. पहिले उत्तर जुन्या व्यावसायिकांचे. मुंबईचा बोरा बाजार असो, दिल्लीतील कूचा चौधरी असो की कोलकात्याची मेट्रो गल्ली, कॅमेऱ्याच्या दुकानापुढे उभा असलेला बुजुर्ग छायाचित्रकार एकच तक्रार करतो: हौशी पोरांनी धंदा बुडवला. ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण तिचा रोख चुकीचा आहे. दर पाडला तो कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने नव्हे. त्या मुलाची चित्रे आणि बुजुर्गाची चित्रे एकाच गोदामात ओतून दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्या भांडवलाने पाडला. हातमागवाल्याने यंत्रमागावरील कामगाराला शत्रू मानण्याची चूक आपल्याकडे एकदा होऊन गेली आहे.

दुसरे उत्तर जास्त रुबाबदार आहे: स्वाभिमानी माणसाने तेथे चित्रेच देऊ नयेत. 2020 च्या कपातीनंतर जगभरच्या अनेक छायाचित्रकारांनी शटरस्टॉकवरील आपली चित्रे विक्रीतून काढून घेतली. संताप खरा होता, त्यागही खरा होता. तथापि दर परत आले नाहीत, कारण कंपनीच्या गोदामात त्या वेळी तीस कोटींहून अधिक चित्रे होती आणि प्रत्येक जाणाऱ्याच्या जागी येणारा तयार होता. ना सभासदपट्टी, ना निवडलेली समिती, ना वाटाघाटीचा अधिकार. प्रत्येकजण आपल्या खोलीत एकटा संपावर गेला. याउलट ‘शिकागो सन-टाइम्स’ या वृत्तपत्राने मे 2013 मध्ये आपल्या 28 छायाचित्रकारांना एका फटक्यात काढले आणि बातमीदारांच्या हाती मोबाइल दिले, तेव्हा तेथील युनियनने लढून चार जागा तरी परत मिळवल्या. चार ही संख्या लहान आहे. पण त्या संघटनेने मिळवल्या.

स्वस्त चित्रांचा खरा हिशेब तर अलीकडेच उघडा पडला. शटरस्टॉकने 2021 पासून आपला साठा ओपनएआय या कंपनीला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी दिला. 2023 साली अशा परवान्यांतून तिला सुमारे 10 कोटी डॉलर मिळाल्याचे प्रसिद्ध झाले आहे. अडोबीने मार्च 2023 मध्ये ‘फायरफ्लाय’ हे चित्रे बनवणारे यंत्र आणले, तेही अडोबी स्टॉकवरील चित्रांवर पोसलेले, आणि त्यातून आपली चित्रे वगळण्याची मुभा छायाचित्रकारांना दिली नाही. काही रक्कम ‘बोनस’ म्हणून वाटण्यात आली. तिचा आकडा ठरवण्यात अर्थातच घेणाऱ्यांचा हात नव्हता. ज्यांनी दहा-वीस सेंटांना आपले श्रम त्या गोदामात साठवले, त्यांचेच साचलेले मृत श्रम आता यंत्र होऊन त्यांच्या जिवंत श्रमांसमोर उभे ठाकले आहेत. जानेवारी 2025 मध्ये तर गेटी आणि शटरस्टॉक यांनी विलीनीकरणाचा करार जाहीर केला. स्पर्धेचे पोवाडे गाणाऱ्यांनी याला काय म्हणावे, ते त्यांनीच ठरवावे.

या दराने केवळ मजुरी ठरत नाही, चित्रही ठरते. गोदामाला हवा असतो जागा नसलेला, काळ नसलेला माणूस: हातात मोबाइल घेऊन हसणारा ‘भारतीय शेतकरी’, जो विदर्भातला नसतो की मराठवाड्यातला नसतो. 1943 साली पी. सी. जोशी यांच्याबरोबर सुनील जाना बंगालच्या दुष्काळात हिंडले आणि त्यांची छायाचित्रे पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’मध्ये आली, त्यांना गाव होते आणि कारण होते. तशा चित्राला दहा सेंटांच्या बाजारात शोधशब्दच सापडत नाही. आणि जाहिरातीसाठी विकल्या जाणाऱ्या चित्रातील कोळीण किंवा हमाल संमतीपत्रावर अंगठा देऊन मोकळे होतात. विक्रीत त्यांचा वाटा ठरवण्याची पद्धतच नाही.

पर्याय अगदीच नाहीत असे नव्हे. रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ आदींनी 1947 मध्ये मॅग्नम ही छायाचित्रकारांच्याच मालकीची सहकारी संस्था काढली आणि चित्रांचे हक्क काढणाऱ्याकडे ठेवले. 2013 साली कॅनडात सुरू झालेली स्टॉक्सी ही सहकारी संस्था साध्या परवान्याच्या विक्रीतील निम्मे आणि विस्तारित परवान्याच्या विक्रीतील 75 टक्के छायाचित्रकाराला देते. यावरून शोषणाचा दर तंत्रज्ञानाने ठरत नाही, मालकीने ठरतो, हे सिद्ध होते. पण या संस्थांचे दरवाजे अरुंद आहेत. लाखोंच्या प्रश्नाला शेकड्यांची सोसायटी पुरी पडणार नाही.

भारतातील कायद्याची स्थिती तर विचित्रच आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या, कारखान्याच्या, सभेच्या चित्रांवर हक्क नाही. उरली ती स्वतःच्या खर्चाने काढलेली चित्रे, आणि तीच दहा सेंटांच्या गोदामात जातात. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवी-संगीतकारांना रॉयल्टीचा असा वाटा दिला की, तो करारानेही सोडून देता येत नाही. छायाचित्रकाराला तो मिळाला नाही, कारण त्याच्या बाजूने संसदेत बोलणारे कोणी नव्हते. घरखेपेच्या कामगाराला कामगार मानणारा 1966 चा विडी कामगार कायदाही नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहितेच्या पोटात गाडला गेला.

त्या संहितांना विरोध आहेच. तथापि सरकारने स्वतः लिहिलेले तरी पाळावे. सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या अनुसूचीत ‘आशय व माध्यम सेवा’ पुरवणाऱ्या कंपन्यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, अर्थात कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी भरावेत असे म्हटले आहे. शटरस्टॉक, गेटी, अडोबी यांना या अनुसूचीत धरायचे की नाही, हे केंद्रीय श्रममंत्रालयाने लेखी सांगावे. आणि पाच टक्क्यांचा हिशेब दहा सेंटांवर होणार असेल, तर आधी किमान दर बांधून घेण्याची मागणी गिग कामगारांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घालावी. त्यासाठी छायाचित्रकारांना टॅक्सीचालक आणि खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे लागेल. ‘कलावंत’ म्हणवून घेण्याची सवय असलेल्यांना ते जड जाईल.