ऑपरेशन मोफत आहे, रस्ता मोफत नाही

चार वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये नांदेडच्या देगलूर नाका भागातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. दोन महिन्यांची मुलगी, वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. खाली मजकूर होता : ऑपरेशनसाठी ४० हजार रुपये हवेत, अल्लाहच्या वास्ते मदत करा. मी कुणाला काहीही न विचारता तो फोटो पाच ग्रुपवर पुढे पाठवला, स्वतःचे पाचशे रुपये दिले आणि इफ्तारला बसलो. तीन दिवसांत पैसे जमले. आम्हा पोरांना वाटले, काम झाले.

महिनाभराने त्या भागातली आशाताई रस्त्यात भेटली. म्हणाली, "भाऊ, हे ऑपरेशन लातूरला फुकट होतं. पैसे गोळा करायच्या आधी एकदा मला विचारलं असतं तर?"

मग चौकशी केली. मुलीचे वजन भरत नव्हते म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकलले होते. जमलेला पैसा बाटलीचे दूध, रिक्षाभाडे, तपासण्या आणि वडिलांची जुनी उधारी यांत संपला होता. त्यात त्या बापाचा दोष नाही. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाच्या घरात पैसा आला की आधी जे देणे दाराशी उभे असते तेच भागते. चूक आमची होती. आम्ही पैसे दिले आणि निघून गेलो. सोबत कुणीच गेले नाही.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. आपल्या भागात अशा मुलांसाठी पैसा आणि डॉक्टर यांची जितकी कमतरता आहे, त्याहून मोठी कमतरता आहे ती मुलाला दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या आणि शेवटपर्यंत सोबत राहणाऱ्या माणसाची. आणि ते माणूस होण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही.

आधी आजार समजून घेऊ

दुभंगलेला ओठ आणि टाळू हा जन्मजात दोष साधारणपणे सातशे बाळांमागे एकाला असतो. गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ओठ आणि टाळूचे दोन्ही बाजूंचे भाग जुळून येतात. काही बाळांमध्ये ते जुळत नाहीत. त्यामागे आनुवंशिकता, आईच्या आहारातली फॉलिक ॲसिडची कमतरता, तंबाखू, काही औषधे अशी वेगवेगळी कारणे असू शकतात. अनेकदा एकच एक कारण सांगताही येत नाही.

पण मोहल्ल्यात कारण तयार असते : आईने ग्रहणात चाकू हातात धरला, विळीवर भाजी चिरली. मराठवाड्यात ही समजूत हिंदू घरात आहे आणि तितकीच आपल्याही घरात आहे. सासू बोलते, शेजारीण बोलते आणि बाळंतीण खाली मान घालून ऐकून घेते. आपल्याला तर याचे उत्तर फार आधी मिळाले आहे. प्रेषितांचे तान्हे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, त्यांच्या मृत्यूमुळेच ग्रहण लागले. स्वतःच्या लेकराच्या दुःखात असतानाही प्रेषितांनी लोकांना सांगितले की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्माने किंवा मृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही. ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती त्या बाळंतिणीच्या बाजूने उभे राहून किती जणांनी सांगितली?

दुसरी गोष्ट दुधाची. टाळू दुभंगलेले बाळ नीट चोखू शकत नाही. त्या मुलीची अम्मी मला म्हणाली होती, "भाई, दूध नाक में से आता, बच्ची रोती और मैं भी रोती." अशा बाळाला उभे धरून, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, थोडे थोडे आणि वेळ घेऊन दूध पाजावे लागते. हे पहिल्या आठवड्यात कुणी शिकवले तर वजन वाढते. नाही शिकवले तर बाळ अशक्त राहते आणि अशक्त बाळाला भूल देता येत नाही. ऑपरेशन अडते ते बहुतेक वेळा इथेच.

तिसरी गोष्ट, हे एका दिवसाचे काम नाही. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. टाळूची त्यानंतर, मूल बोलायला शिकण्याच्या सुमारास, म्हणजे नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. मग वाचा-उपचार, कानाची तपासणी, दात, आणि काही मुलांना आठ-दहा वर्षांच्या वयात हिरडीच्या हाडाची शस्त्रक्रिया. ओठ शिवला की चेहरा बरा दिसतो आणि घरच्यांना वाटते, संपले. टाळू आत असतो, तो दिसत नाही. तो राहून गेला की मुलाचे बोलणे नाकातून येते, वर्गात पोरे हसतात आणि मूल गप्प होते.

आपल्याकडे काय आहे?

बरेच काही आहे. लातुरात प्लास्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने यांच्या रुग्णालयात 'स्माईल ट्रेन' या संस्थेच्या मदतीने अनेक वर्षांपासून दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. जे.जे. रुग्णालयाचे माजी अधिष्ठाता, नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने यांचे ते भाऊ. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावच्या गरीब शेतकरी घरातून हे दोघे पुढे आले. स्माईल ट्रेन ही १९९९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली संस्था. परदेशातून डॉक्टर आणून चार दिवसांचे शिबिर भरवण्यापेक्षा स्थानिक डॉक्टरांना प्रशिक्षण आणि स्थानिक रुग्णालयांना पैसा देणे ही तिची पद्धत. शिबिर उठून गेले तरी डॉक्टर गावातच राहतो, हा त्यातला मोठा फायदा.

सरकारी बाजूही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत आहेत. दुभंगलेला ओठ-टाळू, जन्मतः आत वळलेली पावले, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष हे सगळे त्या यादीत आहे. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. शिवाय राज्याची आरोग्य योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी ती 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होता. आज तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो.

मग मुले मागे का राहतात?

कारण योजना आणि मूल यांच्यामध्ये रस्ता आहे. बाळाचे नाव रेशनकार्डावर चढलेले नसते. आईचे नाव जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे. कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे 'शेख' पुढे, कुठे मागे. पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत जाते, पण आपली कितीतरी मुले विनाअनुदानित शाळांत आणि मदरशांत आहेत. बाप हैदराबादला किंवा पुण्याला कामावर, आई एकटी, घरात अजून दोन लेकरे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायचे म्हणजे अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. एकदा जमते. पाच वेळा जमत नाही.

हबशाची गोष्ट

इथे मराठवाड्याच्या जुन्या पाहुण्यांची आठवण काढतो. ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद वसवले, तो जन्माने हबशाचा, आजच्या इथिओपियाचा. त्याच हबशाच्या नजाशी या ख्रिस्ती राजाने मक्केतून जीव वाचवून आलेल्या पहिल्या मुस्लिमांना आसरा दिला होता.

त्या इथिओपियातही आज हाच प्रश्न आहे, आपल्यापेक्षा कितीतरी बिकट. राजधानी अदिस अबाबात मुलांच्या अशा शस्त्रक्रिया करणारे धर्मादाय रुग्णालय आहे. पण दूरच्या डोंगराळ गावातल्या आईला ते ठाऊक नसते. म्हणून 'प्रोजेक्ट हरार' ही ब्रिटिश संस्था तिथे मुख्यतः मधले काम करते. अनेक मशिदींसाठी ओळखल्या जाणाऱ्या हरार शहराचे नाव तिने घेतले आहे. तिची माणसे गावात जाऊन रुग्ण शोधतात, घरच्यांशी बोलतात, शहरात नेतात, सोबत थांबतात आणि परत घरी सोडतात. चाकू डॉक्टरच्या हातात असतो, पण मुलाचा हात यांच्या हातात असतो.

तिथे ख्रिस्ती संस्थेच्या रुग्णालयात मुस्लिम मूल बरे होते. लातुरात अमेरिकेच्या पैशावर, हिंदू डॉक्टरच्या हातून आपली मुले बरी होतात. मग आपली सोबतही फक्त आपल्या मोहल्ल्यापुरती नको. शेजारच्या वस्तीतल्या मुलाचाही बाप पुण्यालाच गेलेला असतो.

"हे तर सरकारचे काम"

काही मित्र म्हणतात, आपण हे करत बसलो तर सरकार सुटते. मुद्दा खोटा नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळे होती. आपण आठवडाभर संतापलो, स्टेटस ठेवले आणि विसरलो. सरकारला प्रश्न विचारायचा तर हातात नोंद लागते. कोणते मूल, कोणत्या तारखेला तपासले, कुठे पाठवले, तिथे काय झाले? ज्याने मुलासोबत चार फेऱ्या मारल्या त्याच्याकडेच ही नोंद असते. म्हणून सोबत जाणे आणि हक्क मागणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

आपण काय करू शकतो?

पहिले, विचारा. अशा बाळाची खबर मिळाली की फोटो पुढे पाठवण्याआधी आशाताई, अंगणवाडीताई आणि आरोग्यमित्र यांना विचारा.

दुसरे, कागद. मोहल्ल्यात पदवी झालेली, मोबाईल चालवणारी चार मुले-मुली आहेत. जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड यांतली नावे जुळवून देणे हे त्यांचे काम.

तिसरे, मदरसे आणि विनाअनुदानित शाळा. तिथल्या कमिटीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज देऊन तपासणी मागावी.

चौथे, जकात. हनफी मसलकात जकात गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. तिच्यातून इमारत किंवा पगार भागवता येत नाही. पण ज्या गरीब बापाची लातूरच्या फेरीत मजुरी बुडते, त्याच्या हातात ती रक्कम देता येते. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. सोबत जाणाऱ्याचे तिकीट आणि इतर खर्च सदक्यातून भागवता येईल. आणि रक्कम एकदम न देता प्रत्येक फेरीला द्या.

पाचवे, वही. एका मुलामागे एक पान : पुढची तारीख, वजन, कोण सोबत जाणार. ओठ झाला की पान फाडायचे नाही. टाळू झाला, वाचा-उपचार सुरू झाले, मूल शाळेत बोलू लागले, तेव्हा ते पान पूर्ण झाले समजायचे.

सहावे, फोटो. यावर थोडे थांबतो.

त्या मुलीचा ओठ अखेर आठ महिन्यांच्या वयात लातूरला शिवला गेला, एक रुपयाही न लागता. आशाताई सोबत गेली होती. मग वडील हैदराबादला कामाला गेले, कुटुंबही गेले आणि टाळूचे ऑपरेशन राहून गेले. यंदा ते परत आले. मुलगी आता चार वर्षांची आहे. अंगणवाडीत ती बोलत नाही, कारण बोलली की पोरे नक्कल करतात. आणि गेल्या रमजानमध्ये तिचा तो दोन महिन्यांचा फोटो पुन्हा एका ग्रुपवर आला, त्याच मजकुरासह, वेगळ्याच कुणाच्या तरी खाते क्रमांकासह. मी पाच ग्रुपवर पाठवला होता, तो आता परत बोलावता येत नाही. उद्या ती वाचायला शिकेल. मदतीसाठी लेकराचा चेहरा बाजारात मांडण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? पैसे मागायचेच असतील तर गरज सांगा, चेहरा नको.

गेल्या महिन्यात आम्ही सकाळच्या एसटीने लातूरला गेलो. तिची अम्मी, ती आणि मी. टाळूचे ऑपरेशन झाले. चार वर्षांच्या वयात केलेल्या ऑपरेशनने बोलणे दीड वर्षाच्या बाळाइतके सहज सुधारत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आता सरावाचे महिने आहेत. 'प', 'ब', 'क', 'ग' ही अक्षरे रोज दहा-दहा वेळा म्हणायची. अम्मीला घरकामातून वेळ मिळत नाही, म्हणून शेजारच्या दोन कॉलेजच्या मुलींनी आळीपाळीने संध्याकाळ वाटून घेतली आहे. त्यांना यासाठी कुणाकडून एक पैसाही गोळा करावा लागला नाही.

पुढची तारीख वहीत लिहिली आहे. त्या दिवशी मला सुट्टी नाही. सोबत कोण जाईल?